म्हातारपण लांबवणाऱ्या गोळ्या : पहिली बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

एकाही सप्लिमेंटने माणसाचं म्हातारपण मंदावतं किंवा आयुष्य वाढतं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तरीही तुम्हाला काहीतरी सुरू करायचंय, आणि त्यात गैर काही नाही. काही गोळ्यांमागे सबळ कारण असतं, काहींमागे उंदरांवरचे प्रयोग असतात, काहींमागे नुसती जाहिरात. या तिघांची सरमिसळ झाली की सकाळी मूठभर कॅप्सूल गिळणारा माणूस तयार होतो. त्यातली कुठली कशासाठी, हे विचारलं की तो गडबडतो. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून ही वाट.

पहिली पायरी : भरपाई वेगळी, आशा वेगळी

एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा ‘भरपाई’, उजवीकडे ‘आशा’. तुम्ही घेत असलेलं किंवा घ्यायच्या विचारात असलेलं प्रत्येक सप्लिमेंट यांपैकी एका रकान्यात गेलं पाहिजे.

भरपाई म्हणजे शरीरात जे कमी पडलंय ते पुरवणं. याचं उत्तम उदाहरण बी१२. वय वाढतं तसं अनेकांच्या पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी१२ नीट सुटं होत नाही, त्यामुळे शोषलंही जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर पातळी आणखी घसरते. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांना तर ते बाहेरून घ्यावंच लागतं. मग पायाला मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, आणि घरातले म्हणतात, ‘आता वय झालं.’ कमतरता वेळेत पकडली तर साध्या गोळीने किंवा इंजेक्शनने यातलं बरंच काही मागे फिरतं. माणूस तरुण झाल्यासारखा वाटतो, पण खरं तर तो फक्त पूर्ववत झालेला असतो.

गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्याच्यात कमी होतं त्याला फायदा झाला, म्हणून ज्याच्यात पुरेसं आहे त्यालाही जास्त घेऊन फायदा होईल, असं गृहीत धरलं जातं. अमेरिकेत ‘व्हायटल’ नावाच्या चाचणीत २५,८७१ जणांवर हे तपासलं गेलं. रोज २००० आययू (जीवनसत्त्वं मोजण्याचं एकक) ड जीवनसत्त्व, रोज १ ग्रॅम ओमेगा-३, दोन्ही किंवा नुसतीच दिखाऊ गोळी, असे गट पाडून त्यांना साधारण पाच वर्षं पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आले. ना कर्करोगाचं प्रमाण घटलं, ना हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू एकत्र धरले तर त्यांचं. हाडं मोडण्याचं प्रमाणही ड ने कमी झालं नाही, हे २०२२ मध्ये कळलं. त्यातल्या बहुतेकांच्या अंगात ड मुळातच पुरेसं होतं. भरलेल्या भांड्यात ओतलेलं पाणी बाहेरच सांडतं.

डावा रकाना डॉक्टरांबरोबर भरायचा. उजवा तुमचा, पण त्याला नियम लागतील.

दुसरी पायरी : गोळीआधी रक्त

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. हिमोग्लोबिनसह सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बी१२, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, यकृताची एसजीपीटी, गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, थायरॉईडची टीएसएच आणि ब्लड प्रेशर, एवढा पाया असला की पुढे काही बिघडलं तर तुलना करायला आधीचे आकडे हाताशी असतात. ड ची तपासणी सरसकट करावी का, यावर तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको असंच सुचवलं. तुमच्या बाबतीत काय, ते डॉक्टरांना विचारा.

लोहाबद्दल मात्र मी ठाम आहे. फेरिटिन पाहिल्याशिवाय लोहाची गोळी सुरू करायची नाही. नको असलेलं लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही, ते साठतं. पुरुषांना आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना त्याची गरज क्वचितच असते. आणि हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघालं, तर गोळी घेण्याआधी रक्त कुठे जातंय हे शोधावं लागतं.

केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. मोठ्या डोसमधलं बायोटिन थायरॉईडच्या आणि हार्ट ॲटॅक ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच याची सूचना काढली होती. स्नायूंच्या ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिनचंही तसंच आहे. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढतं आणि मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही रिपोर्टवर लाल खूण येते. डॉक्टरांना आधी सांगितलं असेल तर विनाकारण धावपळ होत नाही.

चालू औषधांची यादी सोबत न्या. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने सुरू करू नये. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर हवं. सेंट जॉन्स वॉर्ट ही मन हलकं करणारी म्हणून विकली जाणारी वनस्पती गर्भनिरोधकांपासून प्रत्यारोपणानंतरच्या औषधांपर्यंत अनेकांचा परिणाम घटवते. गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर उजवा रकाना सध्या कोराच ठेवा.

तिसरी पायरी : आशेची पत तपासा

कुठल्याही गोळीला दोन प्रश्न विचारा. प्रयोग कुणावर झाला? आणि मोजलं काय? पेशींवर, यीस्टवर, उंदरांवर की माणसांवर. आणि रक्तातला एखादा आकडा हलला, की माणूस जास्त चालू लागला, कमी पडला, कमी आजारी पडला?

या क्षेत्राचा इतिहास पाहिला की हे प्रश्न का विचारायचे ते कळतं. १९५६ मध्ये डेनम हारमन यांनी मांडलं की पेशींत तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू, आपल्याला म्हातारं करतात. मग ते शमवणारी अँटिऑक्सिडंट्स घ्या, हा तर्क इतका सरळ होता की कुणालाही पटावा. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. पुढे ‘सिलेक्ट’ या चाचणीत रोज ४०० आययू ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त दिसला, ते साल २०११. पुढच्याच वर्षी वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने ७८ चाचण्या एकत्र तपासल्या. अँटिऑक्सिडंट्सनी आयुष्य वाढत नाही, उलट बीटा कॅरोटीन आणि ई यांनी मृत्यूचं प्रमाण वाढत असावं, असा निष्कर्ष निघाला. तरीही ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द डब्यांवर आजही ठळक अक्षरांत असतोच!

आणखी एक गंमत. २००९ च्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांना रोज १००० मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व आणि ४०० आययू ई दिलं. व्यायामाने शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारतो, तो या गोळ्या घेणाऱ्यांत सुधारलाच नाही. व्यायामाच्या वेळी तयार होणारे तेच फ्री रॅडिकल्स स्नायूंना सुधारण्याचा निरोप देत होते, आणि गोळीने तो निरोपच गिळला.

लाल द्राक्षांच्या सालीत आणि रेड वाइनमध्ये सापडणाऱ्या रेझव्हेरॅट्रॉलची गोष्टही अशीच. २००३ मध्ये त्याने यीस्टचं आयुष्य वाढलं, २००६ मध्ये चरबीयुक्त खाण्यावरचे लठ्ठ उंदीर त्याच्यामुळे जास्त जगले, आणि २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने त्यावर उभी राहिलेली कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. नेहमीच्या खाण्यावरच्या उंदरांचं आयुष्य मात्र त्याने वाढलं नाही. हे दाखवलं अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या ‘इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम’ने. हे नाव लक्षात ठेवा. एकच पदार्थ तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, आनुवंशिक विविधता असलेल्या उंदरांवर ते तपासतात, त्यामुळे एका ठिकाणच्या नशिबावर निकाल ठरत नाही. त्यांच्याकडे कर्क्युमिन, फिश ऑइल, ग्रीन टीचा अर्क आणि निकोटिनामाइड रायबोसाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) यांपैकी कशानेही उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. ठळकपणे वाढलं ते रॅपामायसिनने, तेही ६०० दिवसांच्या वयस्क उंदरांना सुरू करून. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, सप्लिमेंट नव्हे.

सध्या सगळ्यात जास्त विचारलं जातं ते एनएमएन. पेशींना ऊर्जेसाठी लागणारा एनएडी हा रेणू वयानुसार बऱ्याच ऊतींत कमी होतो, आणि एनएमएन घेतल्यावर रक्तातला एनएडी वाढतो, इथपर्यंत ठीक. त्यापुढे? २०२१ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २५ स्त्रियांना दहा आठवडे रोज २५० मि.ग्रॅ. एनएमएन किंवा दिखाऊ गोळी दिली. एनएमएन घेणाऱ्यांच्या स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पण वजन, रक्तदाब किंवा साखर फारशी बदलली नाही. बाकीच्या छोट्या चाचण्यांचे निकाल असेच इकडे-तिकडे आहेत. टॉरिन या अमिनो आम्लाचं २०२३ मध्ये केवढं कौतुक झालं! उंदरांचं आयुष्य दहा-बारा टक्क्यांनी वाढलं आणि वयाबरोबर टॉरिन घटतं, असं म्हटलं गेलं. २०२५ मध्ये दुसऱ्या गटाने माणसं, माकडं आणि उंदीर वर्षानुवर्षं मोजले, तर ते घटतच नव्हतं. कित्येकदा वाढत होतं.

मग उजव्या रकान्यात ठेवण्यासारखं काय उरतं? माझी यादी छोटी आहे. वजनांचा व्यायाम करणार असाल तर क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. वयस्कांमध्ये व्यायामासोबत त्याने ताकद आणि स्नायू थोडे जास्त वाढतात, आणि याचा पुरावा माणसांवरचा आहे. व्यायाम करणार नसाल तर घेऊ नका. आहारात मासे नसतील तर ओमेगा-३. युरोपातल्या ‘डू-हेल्थ’ चाचणीत सत्तरीपुढच्या मंडळींनी तीन वर्षं रोज १ ग्रॅम घेतलं. २०२५ मध्ये त्यातल्या ७७७ जणांचं डीएनएवरून मोजलेलं ‘जैविक वय’ तपासलं, तर काही मोजमापांत तीन वर्षांत तीन-चार महिन्यांचा फरक दिसला. महिन्यांचा, वर्षांचा नव्हे. मोठ्या डोसचा मात्र हृदयाचे ठोके अनियमित होण्याशी संबंध आढळलाय, तेव्हा ‘जास्त घेतलं तर जास्त चांगलं’ इथे चालत नाही. मल्टिव्हिटॅमिनने ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीला थोडा हातभार लागल्याचं ‘कॉसमॉस’ चाचणीत दिसलं. पण २०२४ मध्ये ३,९०,१२४ लोकांची दोन दशकांहून अधिक काळची माहिती तपासली, तेव्हा रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे जास्त जगले नव्हते. वाटलं तर घ्या, नाही घेतलं तर चुकल्यासारखं वाटून घेऊ नका.

चौथी पायरी : डबा उलटा करा

पुढची बाजू जाहिरातीची, मागची कामाची. फिश ऑइलची बाटली हातात घेऊन बघू. समोर मोठ्या आकड्यात १००० मि.ग्रॅ. मागे बारीक अक्षरांत ईपीए १८० आणि डीएचए १२०, हे ओमेगा-३ चे दोन प्रकार. म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००, उरलेलं साधं तेल. व्हायटल चाचणीतल्या १ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये हे दोन्ही मिळून ८४० मि.ग्रॅ. होते. म्हणजे त्या चाचणीच्या डोसपर्यंत पोचायला या बाटलीतल्या जवळपास तीन कॅप्सूल रोज लागतील, आणि महिन्याची म्हणून घेतलेली बाटली दहा दिवसांत रिकामी होईल. मॅग्नेशियमचीही हीच तऱ्हा. ५०० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण ३०० असतं, आणि त्यातलंही शोषलं जातं थोडंच, बाकीचं पोट ढिलं करतं.

‘एका वेळचं प्रमाण’ ही ओळही बघा. तिथे कधी एक कॅप्सूल असते, कधी तीन. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून दहा पदार्थांची नावं आणि एकच एकूण वजन दिलं असेल तर डबा परत ठेवा. कशाचं किती, हेच कळत नसेल तर पुढे मोजणार काय?

मग सगळ्या डब्यांची बेरीज. लोकांना त्रास होतो तो बहुधा एका गोळीने नाही, बेरजेने होतो. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी६, नसांच्या गोळीत बी६, झोपेच्या मॅग्नेशियममध्ये पुन्हा बी६. जास्त बी६ दीर्घकाळ घेतलं की नसाच बधिर होतात. त्याची सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत १०० मि.ग्रॅ. मानतात, युरोपने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. ड ची मर्यादा रोज ४००० आययू, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. रेटिनॉलच्या रूपातल्या अ ची ३००० मायक्रोग्रॅम. झिंकची ४० मि.ग्रॅ., त्यापुढे महिनोनमहिने गेलात तर तांबं कमी पडतं. सेलेनियमची अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम. ती ओलांडत राहिलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

बऱ्याच देशांत सप्लिमेंट विकण्याआधी ते औषधासारखं तपासून घ्यावं लागत नाही. म्हणून यूएसपी किंवा एनएसएफसारख्या त्रयस्थ संस्थेची खूण शोधा. डब्यावर जे लिहिलंय ते आत आहे, एवढंच ती खूण सांगते. उपयोग होईल असं नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाला तर काहीच वजन देऊ नका. ग्रीन टीचा दाट अर्क आणि मिरीतल्या पायपरीनसोबतची हळदीची कॅप्सूल, दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पायपरीन घातलेलं असतं ते शोषण वाढावं म्हणून, आणि ते काही औषधांचंही प्रमाण रक्तात वाढवतं.

पाचवी पायरी : एका वेळी एकच

पाच गोष्टी एकदम सुरू केल्या आणि दुसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं, तर दोषी कोण? म्हणून एक सुरू करा, किमान सहा-आठ आठवडे तीच ठेवा, मग दुसरी. सुरुवात कमी डोसने.

वहीत एका सप्लिमेंटला एक पान. वर नाव, कंपनी, डोस, सुरू केल्याची तारीख. खाली तीन ओळी: का घेतोय, काय मोजणार, कधी थांबणार. ‘क्रिएटिन, ३ ग्रॅम. कारण : पायांची ताकद. मोजणार : खुर्चीतून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं. तीन महिन्यांनी फरक नसेल तर बंद.’ ‘काय मोजणार’ ही ओळ भरता आली नाही, तर ती गोळी सध्या घेऊ नका. ‘बरं वाटतं’ हे मोजमाप होत नाही. नव्या महागड्या गोळीने पहिला आठवडा सगळ्यांनाच बरं वाटतं.

जैविक वय सांगणारी घरपोच किट मोजमापासाठी वापरण्याचा मोह होईल. डीएनएवरच्या खुणांवरून वय काढण्याची ही पद्धत स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये गाजवली. मोठ्या गटांच्या अभ्यासात ती उपयोगी आहे, एकट्या माणसासाठी डळमळीत. एकच नमुना दोनदा तपासला तर काही जुन्या घड्याळांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडल्याचं दिसलंय. तीन वर्षांनी तरुण झाल्याचा रिपोर्ट आला तर आनंद माना, पण त्यावरून पुढची बाटली मागवू नका. खुर्ची, ब्लड प्रेशरचं मशीन आणि ठरावीक अंतर चालायला लागणारा वेळ जास्त खरं बोलतात.

वेळेबद्दल फार डोकं लावू नका. अ, ड, ई, के आणि ओमेगा-३ जेवणाबरोबर, कारण त्यांना थोडी चरबी लागते. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, लोहावर लगेच चहा-कॉफीही नको. बाकीचं लक्षात राहील तेव्हा.

शेवटची पायरी : बंद करणं

सुरू करायला सगळे सांगतात, बंद करायला कुणी सांगत नाही. दर सहा महिन्यांनी वही उघडा. ज्या पानावर ठरवलेलं मोजमाप हललेलं नाही, ती गोळी थांबवा. बहुतेक सप्लिमेंट एकदम थांबवली तरी काही होत नाही. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिलेलं मात्र त्यांना विचारूनच. डावा रकानाही तपासा. ड किंवा लोहाची पातळी भरून आली असेल तर तोच डोस कायम ठेवायची गरज नसते.

ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळी यादी द्या, ओमेगा-३ आणि वनस्पतींच्या कॅप्सूलसकट. काही गोष्टी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, कारण रक्त गोठण्यावर किंवा भुलेवर परिणाम होऊ शकतो.

डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली, लघवी चहासारखी गडद झाली, सतत मळमळ, अंगभर खाज, हातापायांत नवा बधिरपणा किंवा छातीत धडधड, यातलं काहीही झालं तर उजवा रकाना त्याच दिवशी पूर्ण बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर सोबत असेल तर थेट तातडीच्या विभागात. जाताना यादीवर विसंबू नका, डबेच पिशवीत घाला, रिकामे झालेलेसुद्धा. बॅच नंबर त्यांच्यावरच असतो, आणि भेसळीची शंका आली तर तपासायला तोच लागतो.